रानातल्या छत्र्या (भाग ६) : छत्रीचं पाकीट

मृगाचा पाऊस पडून दोन-चार दिवस झाले की किल्लारीच्या आसपास गायरानात, उसाच्या बांधावर, जुन्या उकिरड्यावर छत्र्या उगवतात. सगळ्यांना नाव एकच, कुत्र्याची छत्री. आणि पोरांचा कार्यक्रमही एकच, लाथेने उडवायची. ती लाथ जरा आवरली, तर अभ्यासाचा उत्तम नमुना हाती लागतो. अभ्यासाचा, खाण्याचा नव्हे.

पहिलं हत्यार खुरपं. देठ वरून मोडला तर नमुना अर्धा जातो, कारण अमानिता वंशातल्या जातींची ठळक खूण, म्हणजे बुडाची पिशवी, मातीतच राहते. वारुळावरच्या टर्मिटोमायसिसचा देठ तर मुळासारखा खोल, थेट वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत गेलेला असतो. म्हणून बाजूची माती सैल करून अख्खी छत्री उचलायची.

घरी आणली की घड्याळ सुरू होतं. वास, रंग, चिरल्यावर बदलणारी छटा, देठावरचं कडं, हे सगळं त्याच दिवशी टिपून घ्यावं लागतं. वाळल्यावर यातलं बरंचसं जातं. मग टोपी कापून पाती खाली करून कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा, म्हणजे फिकट बीजाणूही दिसतात. सकाळी टोपी उचलली की पात्यांची नक्षी कागदावर उमटलेली असते. गवतात उगवणारी, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेली, दिसायला अगदी साळसूद अशी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस इथेच उघडी पडते: तिचा ठसा हिरवट येतो. ही छत्री पोटात गेली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

पावसाळ्यात वाळवणासाठी उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नाही. उभे काप करून ४० ते ५० अंशांच्या कोरड्या, खेळत्या हवेत ठेवायचे. चुलीजवळ नेले तर ते शिजतात. काप पापडासारखा कडकन मोडला की समजायचं, झालं. प्लास्टिकची पिशवी मात्र नको. ओल आत कोंडते आणि बुरशीवर दुसरीच बुरशी चढते. कागदी पाकीट बरं.

असा नमुना वर्षानुवर्षं बोलतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे, तो अशाच वाळक्या नमुन्यांचा. वाळका तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवला की पेशी पुन्हा फुगतात आणि बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. पण पाकिटावर काही लिहिलेलंच नसेल, तर तो नुसता वाळका तुकडा.

लिहायचं काय? तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, जागा, आणि छत्री कशावर उगवली ते. न्यूझीलंडच्या बीच वृक्षांच्या जंगलात अनेक छत्र्यांचं सूत झाडांच्या मुळांशी जोडलेलं असतं, म्हणून तिथे झाडाचं नाव आधी लिहितात. आपल्याकडच्या माळावर शेण, कुजका बाभळीचा ओंडका की वारूळ, ही नोंद जास्त मोलाची. आणि जागेच्या रकान्यात नुसतं ‘किल्लारी’ लिहून भागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. तेव्हा जुनं गावठाण की नवं, हे स्पष्ट हवं.

पुढच्या आठवड्यात पोडॅक्सिस: कोरड्या मातीतली, जन्मभर मिटलेलीच राहणारी छत्री, जिचा ठसा घेताच येत नाही.