जुन्या पोर्शाची चाकं आणि टायर: आकडे काय सांगतात?

जुनी वेगवान गाडी घेतली की पहिला मोह कशाचा होतो? मोठी रुंद चाकं बसवायचा! आज आपण एकच गाडी घेऊ, १९७३ची पोर्शा ९११ कॅरेरा आरएस २.७. तिच्या चाकांचा हिशेब कळला, की इतर जुन्या गाड्यांचाही बराचसा कळतो.

या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. म्हणजे वजन कुठे? मागे. वळणात घाबरून अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर वजन पुढे सरकतं, मागच्या टायरची पकड कमी होते आणि शेपूट बाहेर जायला बघते. म्हणून कारखान्यानं पुढे ६ इंच रुंद आणि मागे ७ इंच रुंद रिम दिल्या. टायर पुढे १८५/७० आणि मागे २१५/६०, दोन्ही १५ इंची. रुबाब दिसतो हे खरं, पण मागच्या बाजूला जास्त पकड हवी, हे त्यामागचं कारण. चारही बाजूंना सारखेच रुंद टायर लावले, तर हा तोल बिघडतो.

आता जरा गणित करू. १८५/७० म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि बाजूची उंची त्याच्या ७० टक्के, म्हणजे १२९.५. वर आणि खाली मिळून २५९. त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवा. झाले ६४०. आता मागचा टायर काढा: २१५चे ६० टक्के १२९, दुप्पट २५८, अधिक ३८१, म्हणजे ६३९. बघा, रुंदी वेगळी, पण व्यास जवळजवळ तोच! हा योगायोग नाही.

समजा, कुणी मागे २०५/५० बसवला. व्यास उरतो ५८६. मागची बाजू साधारण २७ मिलिमीटर खाली बसते, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि खरा वेग १०० असताना काटा १०९च्या आसपास जातो.

रिमचंही तसंच. ओट्टो फुक्स कंपनीची घडीव मिश्रधातूची चाकं १९६६मध्ये ९११ एसबरोबर आली. हलकं चाक खड्ड्यावरून उसळलं तरी लवकर रस्त्यावर येतं, कारण सस्पेन्शनला कमी वजन आवरावं लागतं. रिम बदलायची असेल, तर बोल्टची भोकं जुळली एवढ्यावर थांबू नका. ऑफसेट बघा, म्हणजे बोल्ट बसतात तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे ते. तो चुकला, तर चाक मडगार्डला घासतं किंवा बेअरिंगवर भलताच ताण येतो. आणि या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, हे विसरू नका. पुढे रुंद टायर टाकले की पार्किंग करताना हात भरून येतात.

मग अक्षर बघायचं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०पर्यंत. जुन्या काळी व्हीआर लिहिलं, की २१०च्या वर एवढाच अर्थ होता.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. अशा गाड्या वर्षात थोड्याच फिरतात. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं. ओल्या रस्त्यावर तेच दगा देतं. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल, तर २०१९चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील, तर तो टायर २०००च्या आधीचा आहे. नक्षी कितीही सुंदर असो, तो काढून टाका.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी मूळ माप, मग रिम आणि ऑफसेट, मग वेगाचं अक्षर आणि भारक्षमता, मग तारीख. दिसणं सगळ्यात शेवटी. गाडी कितीही मोलाची असली, तरी रस्त्याला टेकतात ते तळहाताएवढे चार तुकडेच. पैसे वाचवायचे असतील, तर दुसरीकडे वाचवा.