मुक्ता साळवे : निबंधातून उठलेला आवाज

मुक्ता साळवे ही पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातील मुलगी. वयाच्या सुमारे १४व्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकात छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने केला. पेशवाईतील अत्याचारांबरोबरच बाळंत होताना डोक्यावर छप्परही नसलेल्या बायकांचे हाल तिने मांडले. शेवटी आपल्या बांधवांना तिने शिकण्याचे आवाहन केले. दलित स्त्रीच्या आरंभीच्या लेखनात या निबंधाला मानाचे स्थान आहे. शाळेत गिरवलेली अक्षरे अन्यायाला जाब विचारू शकतात, हे तिने दाखवून दिले.