छोट्या उपकरणांची वेळ कोण पाहणार?

‘एक राष्ट्र, एक वेळ’च्या चर्चेत बँका आल्या, वीज आली, दूरसंचार आलं. जानेवारी २०२५मध्ये भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा ही वेळ पोहोचवणाऱ्या, अहमदाबादपासून गुवाहाटीपर्यंतच्या पाच प्रयोगशाळांचं कौतुकही झालं. शेतपंपाचे कंट्रोलर, ठिबकचे टायमर, हवेची नोंद ठेवणारे सेन्सर मात्र मागेच राहिले.

त्यांतल्या ईएसपी-३२सारख्या चिपचं वेळ मोजणारं क्रिस्टल दहा लाखांत वीस एवढंच चुकलं, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. बॅटरी वाचवायला चिप झोपली की बहुधा आतल्या साध्या ऑसिलेटरवर वेळ चालते, आणि तो उन्हातान्हाने वेग बदलतो. वीज गेली तर सगळंच पुसलं जातं. परत आल्यावर चिपच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडलेला असतो!

म्हणून इंटरनेटवरून वेळ विचारायची. डेव्हिड मिल्स यांनी रचलेली एनटीपी ही पद्धत १९८५पासून हेच काम करते. प्रश्न जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि वाटेतला निम्मा वेळ उत्तरात मिळवायचा. पंपाला एवढी अचूकता भरपूर झाली.

पण विचारायचीही रीत असते. २००३मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरवर सेकंदाला लाखो प्रश्न आदळू लागले. हल्ल्यासारखं दिसणारं ते प्रकरण निघालं नेटगियरच्या घरगुती राउटरांचं. विद्यापीठाचा पत्ता त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कायमचा लिहिलेला होता, आणि उत्तर आलं नाही की राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. विकली गेलेली लाखो यंत्रं परत कशी बोलावणार? उत्तर न मिळाल्यास थांबायचं, दर खेपेला जास्त थांबायचं, एवढं लिहायला चार ओळी पुरतात. त्या आजही अनेक ठिकाणी लिहिल्या जात नाहीत, याचा मला राग येतो.

त्याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. सर्व्हर खरा की तोतया, हे प्रमाणपत्राच्या तारखांवरूनही ठरतं. १९७०मध्ये अडकलेल्या चिपला आजचं प्रमाणपत्र ‘अजून लागू न झालेलं’ दिसतं. मग कित्येक जण तारखेची तपासणीच बंद ठेवतात आणि मुदत संपलेलं प्रमाणपत्रही खपून जातं.

डीएस-३२३१ ही घड्याळाची चिप आणि एक बटण-सेल जोडला, तर वीज नसतानाही वर्षाला साधारण मिनिटभरच चूक होते. सरकारी निविदांमध्ये अशा घड्याळाची आणि थांबून विचारणाऱ्या सॉफ्टवेअरची अट आत्ताच घालायला हवी. ७ फेब्रुवारी २०३६ला एनटीपीचा ३२ बिटांचा सेकंद-मोजणारा आकडा भरून शून्यावर येणार आहे; तो बदलही सॉफ्टवेअरला पेलायला हवा, कारण आज बसवलेली बरीच उपकरणं तेव्हाही चालू असतील.