नऊ टक्क्यांनी साडेपाच पट मंद

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. आता जुलैअखेरीस पीकविम्याची मुदत जवळ आली, की बिलोलीच्या शेतकऱ्याचा दिवस दूरच्या सर्व्हरच्या हाती असतो. ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात तेव्हा बरेचदा सर्व्हर चालूच असतो, फक्त मंदावलेला असतो. कारण नेटवर्क असेल, डेटाबेस असेल. पण जिथे एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालतात आणि सगळ्यांत मिळून एकच एसएसडी कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी वेगवान जागा असते, तिथे दोष हटकून चुकीच्या जागी शोधला जातो. कॅशेतून ९० टक्के मागण्या भागतात, हे पाहून तंत्रज्ञ निर्धास्त होतो. हिशेब मात्र वेगळे सांगतो. एसएसडीवरून वाचायला ०.१ मिलिसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद लागतात असे धरू. ९९ टक्के मागण्या कॅशेत भागल्या तर सरासरी ०.२ मिलिसेकंद पडते, ९० टक्क्यांवर १.१. त्याहून गंभीर गोष्ट रांगेची. सेकंदाला १००० मागण्या असतील तर डिस्ककडे आधी १० जात होत्या, आता १०० जातात, आणि एका डिस्कची ताकद साधारण तेवढीच. त्यापुढे रांग तुंबतच जाते.

हे नऊ टक्के बहुधा शेजारी खातो. दुसऱ्या आभासी सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत लांबला, की पुन्हा न लागणाऱ्या लाखो स्कॅन प्रती एकेकदा वाचल्या जातात आणि रोजच्या नोंदींना कॅशेबाहेर ढकलतात. म्हणून फक्त मंद सर्व्हर तपासून उपयोग नाही. एकाच वेळी सगळ्यांचा प्रतिसादकाळ मोजावा, मग बॅकअपला कॅशेतून वगळून पाहावे.

एसएसडी स्वस्त झाल्या, मोठी कॅशे का घेऊ नये, असे कोणी म्हणेल. रोज लागणारी माहितीच कॅशेत मावत नसेल तर ते बरोबरच आहे. लिहिण्याचा प्रश्न मात्र तसाच उरतो. एसएसडीत लिहिणे काही किलोबाइटच्या पानांत होते, पुसणे मात्र मोठ्या ठोकळ्यांत. त्यामुळे भरलेली एसएसडी लिहिताना अडखळते, मग ती कितीही मोठी असो. शिवाय डिस्कवर पोहोचण्याआधीच ‘झाले’ सांगणाऱ्या कॅशेतल्या एसएसडीला वीज गेल्यावर तग धरायला कपॅसिटर नसतील, तर तलाठ्याने नुकतीच घेतलेली फेरफाराची नोंद हरवू शकते. अशी कॅशे तपासणीसाठी बंद करायची तर आधी तिच्यातले अलिखित सारे डिस्कवर उतरवावे लागते.