रात्रीचं मशीन आणि पहिले तीस दिवस

गायक-संगीतकार बप्पी लाहिरी यांचं फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत निधन झालं. तेव्हा डॉक्टरांनी 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया' हे नाव घेतलं आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा ऐकलं. तोवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यात त्याला एकच शब्द होता, घोरणं. घोरतो म्हणजे गाढ झोपलाय, असंच आपण समजत आलो.

होतं काय, ते आधी पाहू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका मिटतो की श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, मोठा घोरका येतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. श्वास थांबणं किंवा फार कमी होणं तासाला 5 ते 15 वेळा असेल तर सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र. तासाला 30 म्हणजे दर दोन मिनिटांनी कुणीतरी हलवून उठवतंय असं समजा. मग रक्तदाब वाढतो, दिवसा डुलक्या येतात. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग धरलेल्या माणसाची डुलकी त्याच्या एकट्यापुरती राहत नाही.

यावर सीपॅप मशीन आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. पुष्कळांना वाटतं की हे ऑक्सिजनचं मशीन आहे. तसं नाही, आत खोलीतलीच हवा असते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती चपटी होत नाही ना? तसंच मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा धरतो. म्हणूनच मशीन काढलं की त्या रात्री आजार परत हजर. ते चष्म्यासारखं आहे, लावलं तेवढा वेळच काम करतं.

आता खरी अडचण. मशीन घरी येतं, चार रात्री लावलं जातं आणि पाचव्या रात्री कपाटात जातं. आमच्याशी बोलताना लोक जी कारणं सांगतात, ती एकेक करून घेऊ.

पहिलं कारण भीती. "लाइन गेली त मी गुदमरीन ना!" हे आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो. मास्कला श्वास बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडप असते, दाब थांबला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. मशीन थांबलं की बहुतेक माणसं जागी होतात, मास्क काढायचा, बस. जो स्वतःच्या हाताने मास्क काढू शकत नाही, त्याच्याबाबत मात्र डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. भारनियमन असेल तर इन्व्हर्टरवर मशीन चालतं. पाणी गरम करणारा भाग सगळ्यात जास्त वीज खातो. तो बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त पुरते.

दुसरं, जीव घाबरणं. पहिल्याच रात्री आठ तासांचा हट्ट धरू नका. दिवसा खुर्चीत बसून, टीव्हीवर कीर्तन लावून, अर्धा तास मास्क लावा. आधी नुसता, मग मशीन चालू करून. मशीनमध्ये 'रॅम्प' नावाची सोय असते. त्यात दाब कमीपासून सुरू होतो आणि हळूहळू चढतो. दाबाचा आकडा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

तिसरं, गळती. हवा डोळ्यांत जाते, फुस्स आवाज येतो, मग आपण पट्टे करकचून आवळतो. त्याने नाकावर वळ उठतात आणि गळती वाढते. पट्टे आडवं झोपून, मशीन चालू असताना बसवा. झोपण्याआधी चेहऱ्याचं तेल धुऊन टाका. दाढी-मिशी भरघोस असेल तर नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क विचारा.

चौथं, पाणी. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी ह्युमिडिफायरमध्ये घातलं की तळाशी पांढरे क्षार धरतात. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. डिस्टिल्ड पाणीच वापरा, रोज उरलेलं ओता आणि टाकी धुऊन वाळवा. हिवाळ्यात नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज आला तर नळी गोधडीखाली घ्या. गार नळीत वाफेचं पाणी होतं, एवढंच त्याचं कारण.

पाचवं, पैसे. जुनं मशीन स्वस्तात मिळतं म्हणून डोळे झाकून घेऊ नका. जून 2021 मध्ये फिलिप्स कंपनीने आपली बरीच मशीनं परत बोलावली होती, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता. मॉडेल आणि सिरियल नंबर तपासल्याशिवाय व्यवहार नको.

आणि सहावं कारण कुणी मोठ्याने सांगत नाही, ते म्हणजे लाज. "पाहुण्यांत हे सोंड लावून झोपायचं का?" राजेहो, पाहुण्यांना तुमच्या घोरण्याचा त्रास ठाऊक आहेच! घरच्या बाईला विचारा. नवरा घोरायचा थांबला की ती पहिल्या रात्री घाबरून उठते, त्याच्या छातीवर हात ठेवून पाहते. कित्येक वर्षं तो श्वास तीच मोजत आलेली असते.

महिन्याने मशीनमधली नोंद डॉक्टरांना दाखवा. रात्री किमान चार तास, दहापैकी सात रात्री, हे वापराचं जगभर धरलं जाणारं किमान माप आहे. तिथे थांबायचं नाही, पूर्ण झोपेइतका वापर हवा. लग्नाला, गावाला, वारीला जाताना मशीन पिशवीत हवंच. आणि वजन घटलं, घोरणं कमी झालं, तरी पुन्हा तपासणी केल्याशिवाय मशीन सोडू नका.

आज घरी गेल्यावर ज्यांचं मशीन कपाटात आहे, त्यांनी ते बाहेर काढावं, फिल्टर पाहावा आणि आज अर्धाच तास लावावं. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.