भाड्याच्या खोलीपासून विक्रीच्या टॉवरपर्यंत

स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकांत बांधकामाचे प्रकार वापरावरून पाडतात: निवासी, व्यापारी, औद्योगिक, सार्वजनिक. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण मुंबईत गेल्या सव्वाशे वर्षांत जे बांधलं गेलं, त्याचा मागोवा घ्यायचा तर दोन साधे प्रश्न जास्त उपयोगी पडतात. पैसा कुणी घातला? आणि राहायला कोण आलं? इमारत किती उंच, जिना कुठे, संडास घरात की बाहेर, खिडकीसमोर किती आकाश, हे सगळं या दोन उत्तरांवरून ठरत आलं आहे.

सुरुवात १८९६ पासून करावी लागते. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. तोवर कष्टकऱ्यांसाठी घरं बांधायची म्हणजे खासगी मालकाने चाळ उभी करायची आणि खोल्या भाड्याने द्यायच्या. सागवानी खांब आणि तुळया, मध्ये विटांची भिंत, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. घातलेली रक्कम भाड्यातून सुटली पाहिजे, एवढाच मालकाचा हिशेब. दोन चाळींमधली गल्ली जितकी अरुंद, तितकी जागा कामी लागली असं तो मानायचा. त्या अंधाऱ्या, दमट गल्ल्यांत प्लेग कसा पसरला हे साऱ्या शहराने पाहिलं.

म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घरबांधणी पहिल्यांदा सार्वजनिक काम ठरली. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहतींची आखणी केली, स्वतःच्या चाळी बांधल्या. रस्त्यासाठी आधी पाडापाडी झाली, आणि ज्यांच्या खोल्या गेल्या त्या सगळ्यांना नवी खोली मिळाली नाही. शेजारच्या वस्त्यांतली गर्दी त्यामुळे आणखी वाढली. तरीही ट्रस्टच्या या ‘बीआयटी’ चाळी शहराच्या इतिहासात महत्त्वाच्या आहेत. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उमेदीची दोन दशकं काढली. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं. हिंदू कॉलनीची आखणीही ट्रस्टचीच.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) काढलं. या प्रकल्पाजवळ मला जास्त थांबायचं आहे, कारण त्याचं बरंवाईट आजतागायत चालू आहे. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. ज्या कापसावर गिरण्या चालत, त्यातूनच गिरणीकामगाराचं घर बांधायचं, ही कल्पना आजही मला रास्त वाटते. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारं, नळ आणि संडास सामाईक. भोवतालचं शहर अजून चुना आणि सागवान यांवर चाललं होतं. या इमारती मात्र काँक्रीटच्या, म्हणजे त्या काळातल्या अगदी नव्या तंत्राच्या.

आणि त्या रिकाम्या राहिल्या. खर्च निघेल एवढं भाडं लावलं तर कामगाराला परवडेना, परवडेल एवढं लावलं तर सरकारला तोटा. नेहमीच्या वस्तीतला वाणी, खानावळ, गाववाल्यांचा गाळा सोडून या करड्या भिंतींत यायला लोक नाखूश होते. योजना सोळा-साडेसोळा हजार खोल्यांवर थांबली. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रहींना डांबायला तुरुंग म्हणून झाला. कामगारासाठी बांधलेली खोली कोठडी म्हणून सहज चालली, यातच त्या आराखड्याची सगळ्यात नेमकी तपासणी झाली असं मला वाटतं. नंतर गर्दी वाढली तसं लोक आले, त्यांनी तो मधला बोळ अंगण करून टाकला, पोटमाळे घातले, मंडळं काढली, व्यायामशाळा उघडल्या. त्या चाळींत जे चांगलं होतं ते राहणाऱ्यांनी आणलं.

त्याच सुमारास दुसऱ्या दोन वाटा फुटल्या. गावदेवीत १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सभासदांनी एकत्र येऊन, स्वतःच्या नावाने संस्था नोंदवून घर बांधायचं, असा हा प्रकार इथून रुजला. दुसरीकडे मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेला, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, तीस-चाळीसच्या दशकांत आर्ट डेकोच्या इमारती झाल्या. त्या इमारतींचे गोल वळणाचे सज्जे आणि लिफ्ट पुष्कळांनी वाखाणली, २०१८ मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीतही गेल्या, म्हणून इथे तपशिलात जात नाही. एवढंच लक्षात ठेवावं की त्यातली बहुतेक घरंसुद्धा भाड्यानेच द्यायला बांधली होती. श्रीमंत असो की गरीब, मुंबईकर भाडेकरू होता.

हे चित्र पालटलं ते कायद्याने. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीशी बांधून टाकली. युद्धाच्या महागाईत भाडेकरूला संरक्षण देणं गरजेचंच होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण ती तात्पुरती तरतूद दशकानुदशकं चालत राहिली. भाडं जागच्या जागी, मजुरी आणि साहित्य मात्र दरसाल महाग. मालकाने आधी रंग बंद केला, मग गिलावा, मग गळती काढणं. नव्या चाळी बांधणं तर बंदच झालं. पागडी सुरू झाली, हा त्याचाच परिणाम. भाड्यासाठी बांधायची इमारत हा प्रकार मुंबईतून त्या वर्षांत संपत गेला, आणि माझ्या मते शहराच्या घरांच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी हानी तीच.

रिकामी झालेली ती जागा काही काळ सरकारने भरली. १९४८च्या कायद्याने हाउसिंग बोर्ड आलं आणि विक्रोळीचं टागोर नगर व कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, काळाचौकीचं अभ्युदय नगर अशा वसाहती झाल्या. घरं लहान, पण इमारतींमध्ये मैदान, शाळेला जागा, बाजाराला जागा. ज्या मोकळ्या जागांवर आज विकासकांचा डोळा आहे, त्या तेव्हा कुणीतरी आग्रहाने नकाशावर राखल्या होत्या. त्या नकाशाकारांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. ती असायला हवी होती.

खासगी बांधकाम मग ‘ओनरशिप’कडे वळलं. १९६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. बिल्डरने जमीन घ्यायची, ग्राहकांकडून टप्प्याटप्प्याने पैसे घ्यायचे, त्यातून इमारत चढवायची. प्लिंथला इतके, पहिल्या स्लॅबला इतके. राहणाऱ्याची बचतच भांडवल झाली, आणि बिल्डरची जबाबदारी ताबा देण्यापर्यंत उरली. दादर, पार्ले, मुलुंड, डोंबिवली इथल्या तळ अधिक तीन-चार मजल्यांच्या असंख्य सोसायट्या याच चालीच्या. चार मजल्यांवर थांबण्याचं कारण सोपं: तेवढं जिन्याने चढता येतं, लिफ्टचा खर्च वाचतो.

त्या काळातला स्लॅब भरायचा दिवस ज्यांनी पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. खाली सेंट्रिंगच्या बल्ल्या आणि फळ्या आदल्या संध्याकाळी ठोकून पक्क्या झालेल्या, वर सळयांची जाळी फिटरने तारेने बांधलेली. सकाळी मिक्सरपुढे नारळ फुटायचा आणि मग थांबणं नाही. सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार, असं घमेल्याने मोजून मिक्सरमध्ये. मिक्सरपासून परांचीवरून वरपर्यंत बायापुरुषांची रांग, भरलेलं घमेलं हातोहात चढायचं आणि रिकामं उलट खाली यायचं. मध्येच काम थांबलं तर जुन्या-नव्या मालाचा सांधा कच्चा राहणार, पुढे तिथेच गळणार, हे रांगेतल्या शेवटच्या बिगाऱ्यालाही ठाऊक असे. म्हणून रात्र झाली तरी दिवे लावून काम पुरं व्हायचं. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी घालून पाणी साठवायचं, ते आठवडाभराहून जास्त टिकवायचं. मालात पाणी जास्त घातलं की काम झरझर होतं आणि काँक्रीट कमजोर होतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत अशा काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते आणि वरचं कवच सोडून देते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक इमारतींच्या छतांतून दिसणाऱ्या तांबूस सळया हा त्या घाईचा जाब आहे.

इकडे जुन्या चाळी वाकू लागल्या होत्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, त्यांच्यावर उपकर बसला आणि त्या बदल्यात मंडळाने एकोणीस हजारांहून अधिक इमारतींच्या दुरुस्तीचा भार घेतला. दुरुस्तीला आपल्याकडे बांधकाम म्हणून मान नाही. पायाभरणीला मंत्री येतात, कुजलेली तुळई बदलताना कोणी येत नाही. पण माणसं आत राहत असताना मजला टेकूवर तोलून धरायचा, लाकडी खांब काढून त्या जागी लोखंडी गर्डर बसवायचा, वरच्या घरातली चूल त्या काळातही पेटती ठेवायची, हे काम रिकाम्या प्लॉटवर टॉवर उभारण्यापेक्षा कमी कसबाचं नाही. गिरगाव आणि भुलेश्वर इतकी वर्षं उभे आहेत ते या कामावर. जिथे दुरुस्ती आणि पुनर्विकास दोन्ही रखडले तिथे काय होतं ते ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारात दिसलं. हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली.

खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायला १९७० मध्ये सिडको आली. तिथल्या अनेक प्रयोगांपैकी बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज मला मोलाचं वाटतं. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात तिथे शेजाऱ्याशी भिंत सामाईक नसलेली बैठी घरं बांधली, मालकाला जमेल तसं घर वाढवता यावं म्हणून. त्यातली कितीतरी घरं आज मूळ रूपात नाहीत, आणि ती बदलता आली यातच त्या योजनेचं यश आहे. पुढे मात्र हा धडा कुणी फारसा गिरवला नाही.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर मुंबईतला प्रमुख प्रकार झाला पुनर्विकास. सरकारने तिजोरीतून पैसा देण्याऐवजी जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधायची परवानगी द्यायची, विकासकाने जुन्या रहिवाशांना फुकट घर द्यायचं आणि उरलेलं बाजारात विकून नफा काढायचा. १९९५ मध्ये झोपडपट्ट्यांसाठीही हेच सूत्र लागू झालं. लाखो कुटुंबांना पक्कं छप्पर यातून मिळालं, ते कमी लेखता येणार नाही. पण विक्रीच्या इमारतीला मोक्याची बाजू द्यायची तर पुनर्वसनाची इमारत भूखंडाच्या कोपऱ्यात सरकते. दोन पुनर्वसन इमारतींमधलं अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लागतो. प्लेगनंतर ज्या गल्ल्या फोडण्यासाठी एक ट्रस्ट काढावा लागला, त्या आपण नियमांत सूट देऊन पुन्हा बांधल्या आहेत.

तंत्रही बदललं. आता रेडीमिक्सचे ट्रक येतात, पंपाने माल वर जातो, मायवानच्या अ‍ॅल्युमिनियम साच्यात भिंत आणि स्लॅब एकदमच भरतात. मजला आठ-दहा दिवसांत चढतो. मजुरांची ती रांग गेली. काम जास्त सरळ, जास्त भरवशाचं होतं हे मान्य. पण सगळ्या भिंती काँक्रीटच्या, म्हणजे घरातली एक भिंत काढून दोन खोल्यांची एक करणं कायमचं अशक्य.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, सगळं आपल्या दाराच्या आत, आणि मालकीचं. तीन-चार पिढ्या सामाईक संडासासमोर रांगेत उभ्या राहिलेल्या घरांना हे मिळालं याचा मनापासून आनंद वाटतो. चाळीच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांनी तिथे आठ दिवस राहून पाहायला हवं होतं. आता प्रश्न पुढच्या खर्चाचा आहे. चाळीस मजल्यांची लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा यांचा दरमहा भार निवृत्त पोलिसाच्या किंवा गिरणीकामगाराच्या घराला झेपेल अशी कायमची व्यवस्था करणं हा बांधकामाचाच भाग मानला पाहिजे.

आणि भाड्याच्या घरांचं काय? २००८ मध्ये एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाने त्यांची योजना आणली होती. खासगी विकासकाला जादा चटईक्षेत्र, बदल्यात प्राधिकरणाला भाड्याने द्यायच्या खोल्या. खोलीचं क्षेत्रफळ ठरलं १६० चौरस फूट. जवळजवळ नव्वद वर्षांनी तोच आकडा. पुढे योजना गुंडाळली गेली, दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांची घरं केली गेली. पनवेलजवळच्या कोन इथली अशी घरं गिरणीकामगारांना द्यायचं ठरलं आणि २०१६ मध्ये सोडत निघाली. मध्ये कोविडच्या काळात त्याच इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. सोडतीत नाव लागलेल्या कितीतरी कामगारांना किल्लीसाठी त्यानंतरही वर्षानुवर्षं थांबावं लागलं. गिरणीकामगारांचे लाखाहून अधिक अर्ज अजून उत्तराची वाट पाहत आहेत, आणि शहरात रोज कामाला येणाऱ्या तरुणाला परवडेल अशी भाड्याची खोली बांधायला आजही कोणी पुढे येत नाही. तालमकींची सहकारी संस्था, गाठीमागचा रुपया, बोर्डाची मैदानं असे तीन वेगळे मार्ग या शहराने एकदा चालून पाहिलेले आहेत. विक्रीच्या चौरस फुटावाचून घर बांधताच येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी निदान ते नकाशे आणि ते हिशेब बाहेर काढून वाचावेत.