लेथवरचे दुधाळ पाणी

धार लावणारा गावात येतो. चाकावर विळा धरला की ठिणग्या उडतात. तो मधूनमधून विळा पाण्यात बुडवतो. का बरे? पाते फार तापले तर त्याचा कडकपणा जातो. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही.

कारखान्यातल्या लेथवर हेच घडते. लेथवर लोखंडाचा दांडा गरगर फिरतो आणि हत्यार त्याचा कीस काढते. दांडा तापतो, हत्यारही तापते. म्हणून दोन्ही जिथे भिडतात तिथे नळीने सारखी धार सोडतात. या पातळ पदार्थाला कारखान्यात कूलंट म्हणतात. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनियरने १८८३ साली हत्यारावर पाण्याची मोठी धार सोडून पाहिली. यंत्राचा वेग शेकडा ३० ते ४० वाढवता आला. लोखंड गंजू नये म्हणून त्या पाण्यात सोडा मिसळत.

सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६३ साली बंद पडली, तरी तिचे नाव अजून निघते. पण आज सोलापुरात लोखंडाचे कामही मोठे आहे. मोटारीच्या इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो. तो ठरलेल्या वेळी इंजिनाची झडपे उघडतो. असे दांडे सोलापुरात बनतात. आसपासच्या खेड्यांतली पुष्कळ मुले अशा कामावर जातात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

कूलंट बहुधा दुधासारखे दिसते. दुधात जशी चरबी बारीक थेंबांनी पाण्यात पसरलेली असते, तसेच यात तेल असते. पाणी थंड करते, तेल वंगणाचे काम करते आणि गंज अडवते. साध्या कामाला २० लिटर पाण्यात १ लिटर तेल असे प्रमाण पुष्कळदा चालते. डब्यावर काय छापले आहे ते मात्र आधी वाचा. वाचता येते ना आता! आणि एक ध्यानात ठेवा. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात तेल ओतत ढवळायचं. उलटं केलंत तर दह्यासारखा घट्ट गोळा होतो आणि तेल नीट मिसळत नाही.

पाणी कोणते घ्यावे? ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. आपल्याकडे विहिरीचे, बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी असेच असते. त्यात तेल फुटते, नासलेल्या दुधासारखे. वापरण्याआधी काचेच्या बाटलीत थोडे मिश्रण करून रात्रभर ठेवावे. सकाळी वर तेलाचा जाड थर दिसला तर पाणी बदलावे. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. उन्हाने टाकीतले पाणी उडून जाते, तेल आणि क्षार मागे राहतात. म्हणून उन्हाळ्यात टाकी भरताना मिश्रण पातळ करून घालावे. नुसते तेल ओतू नये.

सगळ्या धातूंना एकच कूलंट चालत नाही. पोलादाला दुधाळ पाणी चांगले. गंधक घातलेले कापणीचे तेल पितळेवर वापरले तर पितळ काळे पडते. बीड लेथवर कापताना पुष्कळदा कोरडेच कापतात. बिडाची पूड पाण्यात पडली की चिखल होतो आणि नळी तुंबते. पण तेच बीड दगडाच्या चाकावर घासायचे झाले, तर धार लागतेच.

आता नळीकडे वळू. इथेच माणसे फसतात.

आमच्या पाहण्यातल्या एका लहान वर्कशॉपात कूलंटला बागेची रबरी नळी जोडली होती. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. काही आठवड्यांनी धार बारीक झाली. हत्यार जळू लागले. "पंप बिघडला," असे सगळे म्हणाले. पंप उघडला, तो ठीक होता. मग एके दिवशी नळी क्लिपमधून निसटली. फरशीवर तेलकट पाणी पसरले आणि एक कामगार घसरून यंत्राजवळ पडला. हात फिरत्या चकापासून वीतभर लांब राहिला. नंतर नळी कापून पाहिली. आतून ती फुगून मऊ लगदा झाली होती.

साधे रबर तेल पिते आणि फुगते. काही प्लॅस्टिकच्या नळ्यांचे उलट होते. त्यांना मऊ ठेवणारा अंश तेल ओढून घेते. मग त्या कडक होतात आणि तडकतात. तेलासाठी नायट्राइल रबराची नळी घ्यावी. दुकानात नुसती 'रबराची नळी द्या' म्हणू नका. 'तेलाला चालणारी, नायट्राइलची' असे सांगा. टाकीतून पाणी ओढणारी नळी वेगळी असेल, तर तिच्यात तारेचे वेटोळे हवे. नाहीतर ओढीने ती चपटी होते. हत्याराजवळ तापलेला कीस उडतो, म्हणून तिथे धातूची नळी बरी.

खात्री करायची सोपी रीत आहे. नळीचा वीतभर तुकडा कापा. त्याची लांबी नि जाडी लिहून ठेवा. तो कूलंटमध्ये आठ दिवस बुडवा. काढून पुसा आणि पुन्हा मोजा. फुगला, चिकट झाला किंवा वाकवताना भेगा पडल्या, तर ती नळी परत करा. कूलंट बदलले की ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

रविवारची सुटी झाल्यावर सोमवारी टाकीला घाण वास येतो का? यंत्राचे वंगण वर तरंगून हवा अडवते आणि खाली जंतू वाढतात. ते तेल काढून टाका. या पाण्यात हात धुऊ नयेत. हाताला खाज किंवा पुरळ आले तर लपवू नका, मुकादमाला सांगा, डॉक्टरला दाखवा. आणि जुने कूलंट नाल्यात, शेतात ओतू नका. ते वेगळ्या पिंपात साठवा आणि कारखान्यातल्या माणसाला विचारूनच पुढे पाठवा.